हवा फुकट, इंधन मोजून

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारगाडी दोनदा घडते. पहिल्यांदा ती कारखान्यात घडते. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत फोर्स मोटर्स, चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र आणि मर्सिडीज-बेंझ. तिथला धर्म एकच : आज बाहेर पडलेली गाडी कालच्या गाडीसारखीच असली पाहिजे. दुसऱ्यांदा ती घडते महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दोन शटरच्या गाळ्यात. इथला धर्म नेमका उलटा. इथे येणाऱ्या प्रत्येक मालकाला आपली गाडी इतरांपेक्षा वेगळी हवी असते, आणि वेगळी म्हणजे बहुतेक वेळा जास्त जोरकस.

इंजिनाच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला कोणत्या क्षणी किती इंधन सोडायचे आणि ठिणगी कधी टाकायची हे शिकवण्याच्या कामात, मी वीसेक वर्षे काढली. आता ताथवड्यात राहतो. २००९ साली महापालिकेत आलेले हे गाव त्याआधी शेतीचे आणि शासनाच्या पशुपैदास प्रक्षेत्राचे म्हणून ओळखले जाई. आज इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, उंच इमारती आहेत, आणि संध्याकाळी सुटी झाली की आपापल्या गाड्या घेऊन गाळ्यांसमोर थांबणारी कारखान्यांतली तरुण मुले आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. सगळी चर्चा टर्बोची असते, बूस्टची असते, आवाजाची असते. इंधनाबद्दल कुणी बोलत नाही. वास्तविक वाढवलेल्या गाडीचे आयुष्य इंधनाच्या हिशेबावर ठरते, आणि गेल्या काही वर्षांत हा हिशेब कुणाला न विचारता बदलला आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

टर्बो म्हणजे काय

पेट्रोल इंजिनाला हवा लागते आणि पेट्रोल लागते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जितकी हवा ओढली जाईल तितकीच घेते. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूमध्ये बरीच शक्ती वाया जाते. त्या वायूच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे, आणि या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हाच टर्बोचार्जर. वातावरणाच्या दाबापेक्षा जितका जास्त दाब मिळतो, त्याला गाळ्याच्या भाषेत ‘बूस्ट’ म्हणतात. एक बार बूस्ट म्हणजे इंजिनात जवळजवळ दुप्पट हवा.

‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे की दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे बूड हात लावून पाहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. एक बार बूस्टवर टर्बोतून निघणारी हवा सहज शंभर अंशांच्या वर जाते. ती इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते, तरीही बाहेरच्या हवेइतकी गार होत नाही.

बूस्ट वाढवणे फारसे अवघड नसते. बऱ्याच गाड्यांत बूस्टची मर्यादा संगणकातल्या आकड्यांनीच घातलेली असते. लॅपटॉप जोडून ते आकडे बदलले की पाच मिनिटांत हवा वाढते. हवा फुकट आहे. पण जादा हवेच्या प्रत्येक मापामागे जादा इंधनाचे माप पोचले पाहिजे, आणि ते पोचवणारी यंत्रणा कारखान्याने मूळच्या ताकदीपुरतीच बसवलेली असते.

प्रमाण आणि त्याचा दंड

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या आदर्श प्रमाणाला अभियंते ‘लॅम्डा एक’ म्हणतात. लॅम्डा एकपेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, मिश्रण ‘रिच’. एकपेक्षा जास्त म्हणजे इंधन कमी, मिश्रण ‘लीन’. रस्त्यावर सावकाश जाताना गाडी लॅम्डा एकवर चालते, कारण धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच नीट काम करते. टर्बो पूर्ण भरात असताना मात्र वाढवलेल्या इंजिनाला बहुधा ०.८० ते ०.८५ च्या आसपास ठेवतात. म्हणजे जळू शकेल त्यापेक्षा जास्त पेट्रोल मुद्दाम द्यायचे.

ही उधळपट्टी वाटते, पण तिला अर्थ आहे. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने सिलिंडरमधले मिश्रण थोडे गार होते. मिश्रण गार राहिले नाही तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. हळू गाडीत ते कानाला ऐकू येते, जास्त वेगात एक्झॉस्टच्या आवाजात बुडून जाते. दोन-चार वेळा झाले तर इंजिन सहन करते. सतत होत राहिले तर पिस्टनच्या कडा तुटतात, रिंगा अडकतात, पिस्टनला भोक पडते.

इंधनातल्या कसुरीचा दंड असा आहे. हवा कमी पडली तर गाडी मंद चालते, एवढेच. पूर्ण बूस्टवर इंधन कमी पडले तर सुरुवातीला गाडी चांगलीच पळते, कारण किंचित लीन झालेले इंजिन आधी हलके आणि तरतरीत वाटते. मालक खूश असतो, आणि नुकसान त्याच वेळी चालू झालेले असते.

टाकीपासून सिलिंडरपर्यंत

इंधनाची वाट साधी दिसते. टाकीत बुडालेला विजेवरचा पंप पेट्रोल उचलतो. ते फिल्टरमधून, नळीतून इंजिनावरच्या एका जाड नळीत येते, तिला रेल म्हणतात. रेगुलेटर रेलमधला दाब ठरलेल्या मापावर ठेवतो. रेलला जोडलेले इंजेक्टर म्हणजे विजेने उघडबंद होणारे बारीक नळ. संगणक त्यांना किती मिलिसेकंद उघडे राहायचे ते सांगतो.

या साखळीतली प्रत्येक कडी वेगवेगळ्या कारणाने कमी पडू शकते, म्हणून काम सुरू होते ते कागदावर. एक उदाहरण घेऊ. चार सिलिंडरच्या, बाहेरून इंजेक्शन असलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १५० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ११० किलोवॉट, काढायची आहे. पूर्ण भारावर असे इंजिन दर किलोवॉटमागे तासाला साधारण ३६० ग्रॅम पेट्रोल खाते. म्हणजे तासाला सुमारे ४० किलो, लिटरमध्ये ५३. ही ताकद तासभर सलग वापरता आली असती, तर पन्नास लिटरची भरलेली टाकी तासाच्या आत रिकामी झाली असती. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला २२० घनसेंटिमीटर येतात.

पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवता येत नाही. ६००० फेऱ्यांच्या वेगात इंजिनाचे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टरला उघडायलाच एखादा मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचा दाब उतरला तर अधिक. म्हणून ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबायचे, हा जुना संकेत. तो धरला की मिनिटाला २७५ घनसेंटिमीटरचा इंजेक्टर हवा.

इथपर्यंतचे गणित बहुतेक ट्यूनर करतात. पुढची खोच दाबाची आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या हातून निसटते. इंजेक्टरच्या एका टोकाला रेलचा दाब असतो आणि दुसऱ्या टोकाला इंजिनात शिरणाऱ्या हवेचा. इंधन वाहते ते या दोहोंतल्या फरकामुळे. रेलमध्ये तीन बार आहेत आणि बूस्ट एक बार आहे, तर फरक उरतो दोन. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून तो सुमारे १८ टक्क्यांनी घटतो, आणि घटतो तो नेमका जास्तीत जास्त इंधन हवे असते त्या क्षणी. यावरचा उपाय म्हणजे बूस्टची खबर घेणारा रेगुलेटर : बूस्ट एक बार वाढला की तो रेलचा दाबही एक बारने वाढवतो. मग भार येतो पंपावर. पंपाचा स्वभाव असा की दाब वाढला की त्याचा प्रवाह कमी होतो. डब्यावर छापलेला प्रवाहाचा आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजला, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांची गोष्ट आणखी वेगळी. चाकणला बनलेल्या आणि तरुणांत फार लोकप्रिय झालेल्या पोलो टीएसआयसारख्या गाड्या या जातीच्या. त्यांच्यात टाकीतल्या पंपानंतर कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा, उच्च दाबाचा पंप असतो, आणि इंधन शंभर बारपेक्षा जास्त दाबाने जाते. इथे इंजेक्टरला सगळे चक्र मिळत नाही. हवा आत येत असताना आणि दाबली जात असतानाच काम उरकावे लागते, म्हणून सहा हजार फेऱ्यांना जेमतेम पाचेक मिलिसेकंद हाताशी असतात. उच्च दाबाचा पंप एका विशिष्ट ताकदीपर्यंतच पुरतो. त्यापुढे संगणकात काहीही लिहिले तरी इंधन येत नाही.

एक प्रकरण

ताथवड्यातल्याच एका गाळ्यात ट्यूनरने मला एक गाडी पाहायला बोलावले. सेकंडहँड घेतलेली टर्बो पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून इंजेक्शनची. आधीच्या मालकाने काही वर्षांपूर्वी तिचा मॅप बदलून घेतला होता. नवा मालक तक्रार सांगत होता, “दादा, गाडी पळते झकास, पण चौथ्या गिअरला पूर्ण दाबली की मधेच श्वास कोंडल्यासारखी करते.”

ट्यूनरने डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर बांधून चाके रुळांवर फिरवणाऱ्या यंत्रावर, तिची नोंद घेतली. ५२०० फेऱ्यांना लॅम्डा ०.८२ असायला हवा होता, तो ०.९१ होता. बूस्ट १.१ बार. रेलमध्ये ४.१ बार हवे होते, मिळत होते ३.४. इंजेक्टर ९४ टक्के वेळ उघडे. आणि साध्या चालीतही संगणक मूळ हिशेबापेक्षा नऊ टक्के जास्त इंधन सतत घालत होता.

पहिला संशय पंपावर गेला. तो बदलण्याआधी ट्यूनरने मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या टोकाशी ११.६. पंप धडधाकट होता, त्याला वीजच पुरी पोचत नव्हती. जाड वायर आणि रिले टाकून सरळ पुरवठा दिला, फिल्टर बदलला. रेलचा दाब ४.१ वर आला, लॅम्डा जागेवर बसला. पण इंजेक्टर अजूनही ९१ टक्के उघडे राहत होते. उन्हाळ्यात घाट चढताना उरलेली शिल्लक पुरली नसती. मोठे इंजेक्टर घ्यायची मालकाची तयारी नव्हती. तेव्हा बूस्ट १.१ वरून ०.९ वर आणला. इंजेक्टर ८२ टक्क्यांवर आले. काही अश्वशक्ती गेली, इंजिन वाचले.

राहिले ते नऊ टक्के. चालीत दिसणारी ही वाढ वायरमुळे नव्हती, कारण हलक्या भारावर दाब पुरेसाच होता. ती कुठून आली, याचे उत्तर गाळ्यात नव्हते. ते पेट्रोलपंपावर होते.

उसाचा हिस्सा

५ जून २०२१ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, पुण्यात तीन पंपांवर शुद्ध इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्याच दिवशी पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत अलीकडे आणणारा मार्गआराखडा जाहीर झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ई-२०’ पेट्रोल निवडक पंपांवर आले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचे पेट्रोल झाले. या बदलाचे महाराष्ट्राशी नाते जवळचे आहे. साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून इथेनॉल काढले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने रसाच्या वापरावर बंधने आली आणि मक्याचा वाटा वाढला. इथेनॉलचे कारखाने उभारून देणारी प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी तर हिंजवडीला आहे.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते : एका किलोला साधारण नऊ किलो. ई-२० चे आदर्श प्रमाण त्यामुळे १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने नऊ टक्के, मापाने साधारण आठ टक्के जास्त इंधन लागते. वरच्या उदाहरणातला २७५ चा इंजेक्टर आता २९७ चा, व्यवहारात ३०० चा घ्यावा लागेल. पंपालाही तितकाच जादा प्रवाह द्यावा लागेल. जुन्या पेट्रोलवर काटेकोर बसवलेल्या यंत्रणेतली शिल्लक अशी परस्पर खर्च झाली.

कारखान्यातून जशी आली तशीच राहिलेली गाडी हे बरेचसे निभावून नेते. तिचा संगणक एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवर नजर ठेवून इंधन वाढवतो, आणि कारखान्याने शिल्लक ठेवलेली असते. तिच्या मालकाला फरक दिसतो तो मायलेजमध्ये. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट येईल, असा अंदाज २०२१ च्या त्या आराखड्यातच दिला होता. वाढवलेल्या गाडीत मात्र शिल्लक आधीच संपलेली असते. शिवाय अनेक जुन्या गाड्यांचा संगणक पूर्ण भारावर ऑक्सिजनच्या मापाकडे पाहत नाही, लिहिलेल्या आकड्यांवर विसंबतो. ते आकडे २०१८ च्या पेट्रोलसाठी लिहिलेले असतील, तर आज ती गाडी पूर्ण दाबल्यावर लीन चालते.

यात एक गमतीचा सापळा आहे. डॅशबोर्डवर लावायच्या बहुतेक मापकांवर ‘१४.७’, ‘१२.०’ असे आकडे येतात. मापक खरे तर लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. म्हणून ई-२० वरही तो आदर्श मिश्रणाला १४.७ च म्हणतो. हे ठाऊक नसलेला माणूस १३.५ गाठायला जातो आणि भलतेच रिच मिश्रण देतो. लॅम्डात विचार करणाऱ्याला इंधन कोणतेही असले तरी फसायला होत नाही.

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते आणि नॉकिंगला चांगला विरोध करते. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ असे, ई-२० च्या मानकात तो ९५ आहे. म्हणजे इंधनाची यंत्रणा पुरेशी मोठी असेल तर टर्बो इंजिनाला ई-२० हे जुन्या पेट्रोलपेक्षा चांगले इंधन आहे. ऊस गाडीचा शत्रू नाही. पण त्याला जागा करून द्यावी लागते : मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि सील. या शेवटच्या बाबतीत काटकसर म्हणजे थेट आगीशी खेळ. तापलेल्या टर्बोशेजारी दाबाखालचे पेट्रोल गळणे, यापेक्षा वाईट प्रसंग गाडीत नाही.

कायद्याच्या नजरेतून

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो, तो वेगळाच.

या कडकपणामागे कारण आहे. पूर्ण भारावर रिच चालणारी गाडी कार्बन मोनॉक्साइड ओकते, आणि पीयूसीची तपासणी गाडी उभी असतानाच होत असल्याने ते तिथे दिसत नाही. आवाजासाठी कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्यांबद्दल तर मला कसलीही सहानुभूती नाही. रस्ता सगळ्यांचा आहे आणि हवाही. वाढवलेल्या गाडीची खरी जागा रेसट्रॅकवर आहे.

पण त्याच कलम ५२ मध्ये एक वाट मोकळी ठेवली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचा मान्यताप्राप्त संच ठरलेल्या अटींवर बसवता येतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा संचांची चाचणी घेतात. म्हणजे इंधन बदलणारा फेरबदल तपासून, मोजून मान्य कसा करायचा, हे आपल्या व्यवस्थेला येते. तेवढी तपासणी टर्बो गाड्यांच्या कामाला मिळाली, तर वाईट काम उघडे पडेल आणि चांगल्या कामाला अंगण मिळेल. आज दोन्ही एकाच अंधारात आहेत, आणि अंधारात स्वस्त काम जिंकते.

लिहून ठेवण्याचे काम

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट आजही करता येईल. कारखान्यात प्रत्येक इंजिनाचा कागद असतो : कोणत्या इंधनावर, कोणत्या तापमानाला, काय मोजले. गाळ्यात बदललेल्या गाडीचा असा कागद नसतो. मॅप लॅपटॉपमध्ये राहतो, लॅपटॉप ट्यूनरकडे राहतो, आणि गाडी दुसऱ्या मालकाकडे जाते. वर सांगितलेल्या हॅचबॅकच्या नव्या मालकाला आपली गाडी कोणत्या पेट्रोलवर जुळवली होती, हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

त्या दिवशी ट्यूनरने माझ्या आग्रहावरून एका पानावर सात ओळी लिहिल्या : तारीख, इंधन ई-२०, बूस्ट ०.९, रेलचा दाब, पूर्ण भारावरचा लॅम्डा, इंजेक्टरची टक्केवारी, पंपाच्या टोकाचे व्होल्ट. पान मालकाच्या हातात दिले. तो म्हणाला, “याचं मी काय करू?” ट्यूनर म्हणाला, “गाडी विकशील तेव्हा गाडीबरोबर दे. आणि पेट्रोल पुन्हा बदललं तर हे घेऊन ये.”

पेट्रोल पुन्हा बदलेल, यात शंका नाही. वीस टक्क्यांच्या पुढे किती जायचे, याची चर्चा सुरू झालीच आहे. तेव्हा ज्यांच्याजवळ हे पान असेल त्यांना नवे गणित करायला पाच मिनिटे लागतील. ज्यांच्याजवळ नसेल, त्यांना ते पिस्टन उघडूनच कळेल.